ज्या कोकराच्या चेहऱ्यावर जग हसलं, तोच त्याचा खरा चेहरा निघाला

जानेवारी २०२० मधली गोष्ट. कोरोना अजून आपल्या दारात यायचा होता आणि सोशल मीडियावर एक फोटो जोरात फिरत होता. एका बाजूला 'आधी', दुसऱ्या बाजूला 'नंतर'.

'आधी'च्या फोटोत एक साधंभोळं कोकरू होतं. कुठल्याही कळपात सापडेल असं. 'नंतर'च्या फोटोत तेच कोकरू, पण डोळे थेट आपल्यावर रोखलेले, ओठ घट्ट मिटलेले आणि चेहरा जवळजवळ माणसासारखा.

मग काय, मीम्सचा पाऊस पडला. "चांगलं होतं ते बिघडवून ठेवलं" असा अनेकांचा सूर होता. काहींना २०१२ सालची स्पेनमधली घटना आठवली. बोर्हा नावाच्या गावात एका वयस्कर बाईंनी चर्चच्या भिंतीवरचं येशूचं चित्र स्वतःच दुरुस्त करायला घेतलं होतं आणि त्या चित्राची पार रया गेली होती. हा प्रकारही तसलाच असणार, असं लोकांना वाटलं.

प्रत्यक्षात प्रकार नेमका उलटा होता. लोकांना आवडलेला तो भोळा चेहरा मूळ चित्रकाराचा नव्हताच. तो शंभरहून जास्त वर्षांनी दुसऱ्याच कुणीतरी वरून रंगवला होता. आणि ज्याला सगळे हसत होते, तो चेहरा युरोपच्या एका थोर चित्रकाराच्या हातचा होता. साडेचारशे वर्षांहून अधिक काळ झाकून राहिलेला.

हे कळलं कसं? आणि इतका जुना रंग खरवडून काढायची हिंमत कुणी आणि कशाच्या भरवशावर केली?

हे चित्र आहे तरी काय?

बेल्जियममध्ये गेंट नावाचं शहर आहे. तिथल्या सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये हे चित्र आहे. त्याला 'गेंट ऑल्टरपीस' म्हणतात. ऑल्टरपीस म्हणजे चर्चमध्ये वेदीच्या मागे उभं केलेलं चित्र. प्रार्थना करणाऱ्यांची नजर थेट त्यावर पडावी, अशी त्याची जागा असते.

हे एकसंध चित्र नाही. ओक लाकडाच्या १२ फळ्यांवर ते रंगवलंय. मधल्या चार फळ्या स्थिर आणि बाजूच्या आठ फळ्या कपाटाच्या दारांसारख्या उघडमिट होणाऱ्या. या दारांच्या दोन्ही बाजूंना चित्रं आहेत. पूर्ण उघडल्यावर त्याची रुंदी साडेचार मीटरच्या पुढे जाते.

गेंटमधले एक श्रीमंत गृहस्थ योस व्हेइड आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ बोरलूट यांनी ते आपल्या चॅपेलसाठी करून घेतलं. चौकटीवरच्या लॅटिन मजकुरानुसार काम ह्यूबर्ट व्हॅन आयक याने सुरू केलं आणि त्याचा भाऊ यान व्हॅन आयक याने पूर्ण केलं. ह्यूबर्ट १४२६ मध्ये वारला. चित्र पूर्ण झालं १४३२ मध्ये.

रेनेसाँ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इटली येते, लिओनार्दो आणि मायकेलअँजेलो येतात. पण युरोपच्या उत्तरेला त्याआधीच तैलरंगांची एक वेगळी क्रांती सुरू झाली होती. जवसासारख्या तेलात रंग मिसळायचा आणि त्याचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक द्यायचे. त्यातून रत्नांची चमक, केसांचा पोत, पाण्यातलं प्रतिबिंब हुबेहूब उतरवता यायचं. या तंत्रात यान व्हॅन आयकचा हात धरणारं कुणी नव्हतं.

या चित्राच्या खालच्या मधल्या फळीवर एक हिरवंगार कुरण आहे. त्यात वेदी आहे, वेदीवर कोकरू उभं आहे आणि त्याच्या छातीतून निघालेली रक्ताची धार एका पात्रात पडतेय. भोवती देवदूत आणि चारही दिशांनी आलेले भक्त. ख्रिस्ती श्रद्धेत हे कोकरू म्हणजे स्वतः येशू ख्रिस्त, माणसांच्या पापांसाठी बळी गेलेला. म्हणजे आपण ज्याचं मीम केलं तो चित्राच्या कोपऱ्यातला प्राणी नाही. अख्ख्या चित्राचा गाभाच तो आहे.

सहाशे वर्षांचे हाल

या चित्राच्या वाट्याला जे आलं, ते क्वचितच एखाद्या चित्राच्या वाट्याला आलं असेल.

१५६६ मध्ये धार्मिक दंगलीत चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडली जात होती, तेव्हा हे चित्र लपवून वाचवावं लागलं. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने मधल्या फळ्या पॅरिसला नेल्या. त्या १८१५ मध्ये परत आल्या. पाठोपाठ १८१६ मध्ये बाजूच्या सहा फळ्या विकल्या गेल्या आणि फिरत फिरत बर्लिनला पोहोचल्या.

बर्लिनच्या म्युझियमसमोर प्रश्न होता की फळीच्या दोन्ही बाजूंची चित्रं लोकांना एकाच वेळी दाखवायची कशी? १८९४ मध्ये त्यावर उत्तर शोधलं गेलं. फळ्या जाडीतून उभ्या चिरल्या आणि एका फळीच्या दोन केल्या! आज असं करायचा विचारही कुणाच्या मनात येणार नाही. त्या काळी मात्र चित्र नीट मांडायचा हा व्यवहारी मार्ग समजला गेला.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानुसार या फळ्या बेल्जियमला परत मिळाल्या. एप्रिल १९३४ मध्ये दोन फळ्या चोरीला गेल्या. एक परत आली, दुसरी अजून सापडलेली नाही. तिच्या जागी आज प्रत लावलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी अख्खं चित्र पळवलं आणि शेवटी ऑस्ट्रियात आल्टाउसे इथल्या मिठाच्या खाणीत लपवलं. १९४५ मध्ये ते तिथून सुटलं.

काचेपलीकडची दुरुस्ती

ऑक्टोबर २०१२ मध्ये या चित्राच्या जतनाचं मोठं काम सुरू झालं. जबाबदारी होती बेल्जियमच्या रॉयल इन्स्टिट्यूट फॉर कल्चरल हेरिटेज या सरकारी संस्थेकडे. जागा होती गेंटचंच म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स. तिथे काचेची भिंत असलेली कार्यशाळा उभारली गेली. तिकीट काढून आलेला माणूस काचेपलीकडे तज्ज्ञांना काम करताना पाहू शकत होता.

सगळ्या फळ्या एकदम चर्चमधून हलवल्या नाहीत. थोड्या थोड्या आणायच्या, बाकीच्या चर्चमध्येच भाविकांसमोर ठेवायच्या, असं ठरलं. पहिला टप्पा होता दारं मिटल्यावर दिसणाऱ्या बाहेरच्या चित्रांचा.

सुरुवातीचा बेत साधा होता. चित्रावर जुन्या व्हार्निशचे पिवळे पडलेले थर होते आणि त्यावर १९५० च्या दशकातलं कृत्रिम व्हार्निश. ते काढायचं, सुटू लागलेला रंग पक्का करायचा आणि चित्र परत पाठवायचं. पाच वर्षांचं काम.

पण व्हार्निश निघू लागलं तसं तज्ज्ञांच्या लक्षात आलं की खाली दिसणारा रंगही व्हॅन आयकचा नाही. तो नंतरचा आहे. एखाद्या कोपऱ्यात लावलेलं ठिगळ असतं तर गोष्ट वेगळी होती. बाहेरच्या चित्रांचा सुमारे ७० टक्के भाग असा वरून रंगवलेला निघाला. वर्षानुवर्षं शेंदराचे लेप चढलेल्या मूर्तीचं मूळ रूप आतच राहतं, तसंच काहीसं इथे झालं होतं.

मग इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही?

प्रश्न रास्त आहे. हे चित्र तर जगातल्या सर्वाधिक अभ्यासलेल्या चित्रांपैकी एक.

त्याची दोन कारणं होती. पहिलं म्हणजे वरून रंगवणाऱ्याने मूळ आकार बहुतेक ठिकाणी जसेच्या तसे गिरवले होते. झगा झग्याच्याच जागी, हात हाताच्याच जागी.

दुसरं कारण जास्त फसवं होतं. हा वरचा थर साधारण १६ व्या शतकाच्या मध्यावरचा, म्हणजे स्वतःच खूप जुना. खालच्या रंगाबरोबर तोही सुकला आणि त्यालाही तसेच बारीक तडे गेले. एरवी तडे पाहून रंगाचं वय ताडता येतं. इथे दोन्ही थर एकसारखेच म्हातारे दिसत होते.

थर कुणाचा, हे ओळखतात कसं?

इथे नुसती तयार नजर पुरत नाही. वेगवेगळ्या पद्धतींनी तपासायचं आणि सगळ्यांचं उत्तर एकच येतं का ते पाहायचं, असा हा मामला आहे.

पहिली पद्धत एक्स-रेची. जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असायचं. शिसं एक्स-रे अडवतं, त्यामुळे तो भाग फोटोत पांढरा उमटतो. चित्रकाराने आधी काय काढलं आणि मग काय बदललं, कुठे रंग उडालाय, लाकडात कुठे खिळा आहे, हे त्यातून कळतं.

दुसरी पद्धत इन्फ्रारेडची. आपल्या डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश अनेक रंगांच्या आरपार जातो, पण काळ्या कार्बनपाशी अडतो. रंगवण्याआधी चित्रकार काळ्या रेषांनी जे कच्चं रेखाटन करायचा, ते त्यामुळे सहाशे वर्षांनीही वाचता येतं.

तिसरी पद्धत म्हणजे रंगातली मूलद्रव्यं शोधणं. चित्रासमोरून एक यंत्र टिंबाटिंबाने सरकतं आणि प्रत्येक ठिकाणी शिसं, तांबं, पारा, लोखंड यांपैकी काय आहे ते नोंदवतं. चित्राला स्पर्शही होत नाही. हिंगुळाच्या लालमध्ये पारा, काही निळ्या-हिरव्या रंगांत तांबं. समजा १५ व्या शतकातल्या चित्रावर टायटॅनियमचा पांढरा रंग सापडला, तर ती जागा २० व्या शतकात कुणीतरी दुरुस्त केली, हे नक्की. कारण तो रंग त्याआधी वापरातच नव्हता. या नोंदींतून प्रत्येक मूलद्रव्याचा नकाशा तयार होतो आणि वरच्या थराखाली दडलेला आकार त्यात दिसू लागतो.

चौथी पद्धत सगळ्यात निर्णायक. आधीच खराब झालेल्या जागेच्या कडेचा रंगाचा अगदी सूक्ष्म कण घ्यायचा आणि त्याचा आडवा छेद मायक्रोस्कोपखाली पाहायचा. केकचा तुकडा कापल्यावर थर दिसावेत तसे रंगाचे थर दिसतात. इथे मूळ रंग आणि वरचा रंग यांच्या मधोमध व्हार्निश आणि मळ सापडला. हा पुरावा खोडणं कठीण. मळ बसायला काळ जावा लागतो. म्हणजे मूळ चित्र पूर्ण झालं, त्यावर व्हार्निश बसलं, वर्षं गेली, धूळ आणि मेणबत्त्यांची काजळी साचली आणि मग कधीतरी कुणीतरी पुन्हा कुंचला उचलला.

चार कानांचं कोकरू

आता परत कोकराकडे येऊ. कारण त्याच्या चेहऱ्यात काहीतरी गडबड आहे, याचा सुगावा आधीच लागला होता.

युद्धानंतर १९५०-५१ मध्ये ब्रसेल्समध्ये पॉल कोरेमान्स यांच्या देखरेखीखाली या चित्राची तपासणी आणि दुरुस्ती झाली. चित्रांच्या वैज्ञानिक अभ्यासातला तो मोठा टप्पा मानला जातो. तेव्हा कोकराच्या डोक्याजवळचा नंतरचा हिरवा रंग काढला गेला आणि खालून मूळ कान बाहेर आले. पण डोक्यावरचा बाकीचा रंग तसाच ठेवला गेला आणि त्यावर दुसऱ्या चित्रकाराचे दोन कान होतेच.

त्यामुळे पुढची सुमारे ६५ वर्षं हे कोकरू चार कानांचं होतं! दोन व्हॅन आयकचे, दोन नंतरच्याचे. जवळून पाहणाऱ्याला ते दिसायचेही. पण जितकं कळलंय तितकंच करावं, पुरावा नसताना पुढे जाऊ नये, हा तेव्हाचा निर्णय होता. आज मागे वळून पाहताना तो शहाणपणाचाच वाटतो.

काढायचा की ठेवायचा?

दुसऱ्या टप्प्यात, २०१६ नंतर, कोकराची फळी कार्यशाळेत आली. तोवर वरचा थर कुणाचा नाही, हे स्पष्ट होत आलं होतं. पण थर नंतरचा आहे हे कळणं वेगळं आणि तो काढून टाकणं वेगळं.

दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं होतं.

तो थर नंतरचा असला तरी साडेचारशे वर्षांहून जुना होता. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्याच चेहऱ्यासमोर हात जोडले होते. तोही इतिहासच. आणि एकदा काढला की तो परत लावता येत नाही. खालचं मूळ चित्र झिजलेलं निघालं तर? मग हातात ना हे, ना ते.

दुसऱ्या बाजूला, वरचा थर सपाट आणि ढोबळ होता. व्हॅन आयकची सगळी कमाल बारकाव्यांत आणि तीच झाकली गेली होती. खालचा मूळ रंग बराच चांगल्या स्थितीत आहे, असं तपासण्या सांगत होत्या.

हा निर्णय एकट्यादुकट्याचा नव्हता. हेलेन ड्युबोआ यांच्या नेतृत्वाखालच्या पथकाने पुरावे मांडले, वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांच्या समितीने ते तपासले आणि मग काढायचं ठरलं. जो थर जाणार होता, त्याचे बारीकसारीक फोटो आणि नोंदी आधी करून ठेवल्या गेल्या. वस्तू गेली तरी तिची नोंद राहावी म्हणून.

हातात स्काल्पेल, डोळ्याला मायक्रोस्कोप

व्हार्निश काढायला द्रावण चालतं. पण तैलरंगावरचा तैलरंग काढताना पंचाईत होते. वरचा थर विरघळवेल असं द्रावण खालच्या थरालाही सोडणार नाही, कारण दोन्हीत तेलच आहे.

म्हणून मुख्य काम हाताने झालं. मायक्रोस्कोपमधून पाहत, शस्त्रक्रियेच्या स्काल्पेलने वरचा रंग कणाकणाने उचलायचा. मधे असलेला जुन्या व्हार्निशचा थर इथे कामी आला. पातं तिथवर जाऊन थांबेल, इतकी फट त्याने ठेवली होती. हात जरा जड पडला तर नुकसान थेट व्हॅन आयकच्या रंगाचं. पाच वर्षांचा बेत का कोलमडला, ते यावरून लक्षात यावं.

जिथे मूळ रंग कायमचा गेला होता, तिथे तेवढ्याच जागेत नवा रंग भरला गेला. पण आज या क्षेत्रात एक नियम कसोशीने पाळला जातो. नवी भर मूळ रंगावर चढता कामा नये आणि उद्या कुणाला ती काढायची झाली तर मूळ चित्राला धक्का न लावता निघाली पाहिजे. १६ व्या शतकातला चित्रकार आणि आजचे तज्ज्ञ यांच्यातला खरा फरक हाच. हातातल्या कौशल्याचा मुद्दा नंतरचा.

या कामातून काय काय वर आलं! बाहेरच्या फळीवर एलिझाबेथ बोरलूट यांच्या मागच्या कोनाड्यात रंगवलेली कोळ्याची जाळीसुद्धा सापडली. देणगीदार बाईंच्या मागे जळमटं रंगवणारा चित्रकार किती बारीक नजरेचा असेल, विचार करा.

आणि आतल्या फळीवर वर आला तो चेहरा.

मग व्हॅन आयकला कोकरू जमलं नाही का?

सोशल मीडियावर हाही विनोद भरपूर चालला. पण त्याच चित्रात, त्याच रांगेत डावीकडे घोडेस्वारांची फळी आहे. तिथले घोडे पाहा. प्राणी हुबेहूब रंगवता न येणाऱ्या माणसाचं हे काम नव्हे.

म्हणजे कोकराचा चेहरा असा आहे तो ठरवून. साध्या मेंढीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. ती आपल्याकडे दोन्ही डोळ्यांनी रोखून पाहत नाही. व्हॅन आयकचं कोकरू मात्र पाहतं. आपलं रक्त वाहत असताना ते शांतपणे उभं आहे आणि समोरच्याच्या नजरेला नजर देतंय. चॅपेलमध्ये प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या माणसाला, आपल्यासाठी बळी गेलेला आपल्याकडे पाहतोय, असं वाटायला हवं होतं. नंतरच्या चित्रकाराने ती नजर मवाळ केली आणि ख्रिस्ताचं रूप असलेलं कोकरू पुन्हा नुसतं कोकरू झालं.

जुलै २०२० मध्ये अँटवर्प विद्यापीठ आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या संशोधकांचा अभ्यास 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मूलद्रव्यांचे नकाशे आणि परावर्तित प्रकाशाचं विश्लेषण एकत्र करून त्यांनी कोकराच्या चेहऱ्यातलं व्हॅन आयकचं काय आणि नंतरचं काय हे वेगळं करून दाखवलं. समोर रोखलेले ते डोळे व्हॅन आयकचेच होते. पण तोवर मीम्स जुनी झाली होती आणि हा अभ्यास त्यांच्याइतका व्हायरल झाला नाही.

आता हे चित्र कुठे पाहायला मिळतं?

खालची रांग जानेवारी २०२० मध्ये कॅथेड्रलमध्ये परतली. मीम्सची लाट आली ती तेव्हाच. मार्च २०२१ पासून चित्र कॅथेड्रलमधल्याच दुसऱ्या एका चॅपेलमध्ये, बुलेटप्रूफ काचेच्या भल्यामोठ्या पेटीत ठेवलंय. पेटीतलं तापमान आणि आर्द्रता नियंत्रित असते, कारण ओकचं लाकूड हवेतल्या ओलाव्यानुसार फुगतं आणि आक्रसतं आणि त्याच्याबरोबर रंगाला तडे जातात. तिसरा टप्पा, म्हणजे आतल्या बाजूच्या वरच्या रांगेचं काम, २०२३ मध्ये त्याच म्युझियममध्ये सुरू झालं.

बेल्जियमला जाणं सगळ्यांना शक्य नाही. पण 'क्लोजर टू व्हॅन आयक' या वेबसाइटवर हे चित्र मोफत पाहता येतं. एक्स-रे आणि इन्फ्रारेड फोटोंसकट, मोबाइलवर, कोकराची पापणी दिसेपर्यंत झूम करून. 'आधी' आणि 'नंतर' शेजारी शेजारी ठेवूनही बघता येतं.

एकदा जरूर बघा. आणि पुढच्या वेळी असा 'आधी-नंतर'चा फोटो फिरत आला तर हसण्याआधी एक प्रश्न विचारा. हा 'आधी' नक्की कधीचा? गेंटच्या कोकराच्या बाबतीत आपण ज्याला 'आधी' म्हणत होतो, तेच 'नंतर'चं होतं.